जागतिक गुंतवणूक व्यवस्थापनातला अर्थतज्ज्ञ: काम काय, वाट कुठली, फसतं कुठं

रंकाळावेस

शिवाजी विद्यापीठात किंवा शहरातल्या कॉलेजांत अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांपुढं वाटा ठरलेल्या असतात: नेट-सेट करून प्राध्यापकी, बँकेच्या परीक्षा, नाहीतर एमपीएससी. पेन्शन फंड, सरकारी संपत्ती निधी, विमा कंपन्या यांचा पैसा देशोदेशी गुंतवणाऱ्या संस्था अर्थतज्ज्ञ नेमतात हे कानावर असतं. तो तिथं बसून नेमकं काय करतो, हे मात्र कुणी धड सांगत नाही. इथं जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. पगाराचे आकडे आणि 'मेव्हण्याचा मित्र सिंगापूरला आहे' हे कृपया दुसरीकडं.

सुरुवात मीच करतो. टीव्हीवर दिसतो तो अर्थतज्ज्ञ बहुतेक वेळा 'सेल साइड'चा, म्हणजे ब्रोकर किंवा इन्व्हेस्टमेंट बँकेचा. त्याचा अहवाल शेकडो ग्राहकांना जातो, त्यामुळं ठाम आणि जरा वेगळं बोलण्याचा त्याला मोह असतो. फंडाच्या आतला, 'बाय साइड'चा अर्थतज्ज्ञ बाहेर फारसा बोलत नाही. त्याचे वाचक म्हणजे मोजके फंड मॅनेजर आणि गुंतवणूक समिती. युरोपात ३ जानेवारी २०१८ ला मिफिड-२ नियम लागू झाले आणि संशोधनाचे पैसे दलालीत न लपवता वेगळे दाखवणं भाग पडलं. त्यानंतर फंडांनी बाहेरचे अहवाल विकत घेताना हात आखडता घेतला.

आतल्या माणसाकडून मागितलं जातं ते असं: पुढच्या सहा ते अठरा महिन्यांत वाढ, महागाई आणि व्याजदर कुठं जातील याचा अंदाज, दहा वर्षांत शेअर, रोखे, सोनं, रोकड यांतून किती परतावा धरायचा याचे आकडे, आणि 'उलटं झालं तर काय' याची दोन-तीन चित्रं. यातला पहिला भाग सगळ्यांना दिसतो, पण फंडाचं बरंवाईट ठरतं ते दुसऱ्या-तिसऱ्यावर. 'व्याजदर वाढतील' या वाक्याला समितीत किंमत शून्य. किती वाढतील, कधी, त्यातलं किती बाजारानं भावात आधीच धरलंय, आणि चुकलं तर किती जाईल, या चार प्रश्नांना आकड्यात उत्तर आलं तरच चर्चा पुढं सरकते. अर्थशास्त्राची पुस्तकं पहिल्या दोन प्रश्नांपाशी थांबतात. नोकरी टिकते ती उरलेल्या दोनांवर.

मृण्मयी

वरच्या शेवटच्या मुद्द्याला जुलै २०२३ च्या टोमॅटोएवढं चांगलं उदाहरण नाही.

तेव्हाच्या २०१२ पायाच्या किरकोळ महागाई निर्देशांकात भाज्यांचं वजन ६.०४ टक्के होतं. ग्राहक व्यवहार खातं कांदा, टोमॅटो, बटाटा, डाळी, तेल यांचे किरकोळ भाव रोज जाहीर करतं. रोजच्या भावांची महिन्याची सरासरी काढायची, आधीच्या महिन्याशी तुलना करायची, वजनानं गुणायचं. महिन्याच्या २०-२२ तारखेला भाज्यांचा आकडा बऱ्यापैकी हाती येतो. जुलै २०२३ मध्ये भाज्यांची वार्षिक महागाई ३७.३४ टक्के निघाली आणि एकूण दर जूनच्या ४.८७ वरून थेट ७.४४ टक्क्यांवर गेला. त्यात एकट्या भाज्यांचा वाटा सव्वादोन ते अडीच टक्क्यांचा. ज्यांनी रोजचे भाव धरून गणित केलं होतं त्यांना हा आकडा १४ ऑगस्टला जाहीर होण्याच्या बराच आधी दिसत होता.

आता पैसे कुठं गेले ते बघा. '७ च्या वर महागाई, रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा ६, म्हणजे दरवाढ' असं म्हणून ज्यांनी अल्पमुदतीच्या दरांवर पैज लावली, ते हरले. १० ऑगस्टच्या पतधोरणात रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) ६.५० वरच ठेवला गेला. वर्षाचा महागाईचा अंदाज ५.१ वरून ५.४ झाला. दरवाढीऐवजी बँकांच्या वाढीव ठेवींवर तात्पुरता १० टक्के जादा सीआरआर लावला, म्हणजे तेवढी रोकड रिझर्व्ह बँकेत अडकवायला लावली. चिमटा बसला तो रोकड तरलतेला. ऑक्टोबरपर्यंत महागाई पुन्हा ४.८७ वर आली आणि रेपो फेब्रुवारी २०२५ पर्यंत हललाच नाही.

महागाईचा आकडा अचूक होता. मध्यवर्ती बँक भाज्यांच्या उसळीकडं कसं बघते, हा अंदाज चुकला. हे दोन वेगळे अंदाज आहेत आणि दुसऱ्यावर पैसे लागलेले असतात.

(ज्यांना हे गणित आता करून बघायचंय त्यांनी २०२४ पायाच्या नव्या मालिकेची वजनं घ्या. अन्नाचं वजन खाली आलंय, जुनी वजनं वापरून भाज्यांचा परिणाम फुगवून निघेल.)

तांबडापांढरा

म्हंजे अंदाज बरोबर येऊनबी पैसं जातात? मग त्यो अर्थतज्ज्ञ ठेवायचा तरी कशाला राव 😀

वाचतोय. चालू द्या.

बेसिसपॉइंट

@तांबडापांढरा, अंदाज चुकला तर किती जाईल हे आधी मोजायला ठेवायचा.

रोख्यांचं घ्या. ड्युरेशन (यील्ड १ टक्का हलली की भाव किती टक्के हलतो ते माप) ७ असलेला रोखे-संच आहे, यील्ड, म्हणजे आजच्या भावाला रोख्यातून मिळणारा वार्षिक परतावा, ७ टक्के. यील्ड १०० बेसिस पॉइंट, म्हणजे १ टक्का वाढली की भाव साधारण ७ टक्के पडतो. ४० बेसिस पॉइंट वाढली तर पडझड २.८ टक्के. तीन महिन्यांत व्याज मिळतं १.७५ टक्के. निव्वळ तोटा १.०५ टक्के. म्हणजे तिमाहीत यील्ड २५ बेसिस पॉइंटपर्यंत वाढली तरी मुद्दल शाबूत, त्यापुढं तोटा. १.७५ ला ७ नं भागायचं, झालं. अर्थतज्ज्ञ म्हणाला 'माझ्या मते २० वाढतील', तर त्या मतानं रोखे विकण्याचं कारण मिळत नाही, कारण २० सोसायची ताकद व्याजातच आहे.

मृण्मयी

इथं थांबा. हा २५ चा आकडा नवखी मुलं हमखास समितीत मांडतात आणि फंड मॅनेजर दोन मिनिटांत खाली बसवतो. पैसा रोख्यात नसता तर तो तिजोरीत पडून राहिला नसता, अल्पमुदतीत ६.५ टक्क्यांनी फिरला असता. तुलना त्याच्याशी. तिमाहीला जादा मिळकत (७ − ६.५) भागिले ४, म्हणजे ०.१२५ टक्के. त्याला ७ नं भागा: १.८ बेसिस पॉइंट. रोकडीच्या तुलनेत तुमची ढाल २५ ची नाही, जेमतेम २ ची आहे. मग '२० वाढतील' हे मत विकण्यासाठी चिक्कार झालं.

विद्यापीठातलं अर्थशास्त्र आणि हे काम यांच्यात जे अंतर आहे ते असल्या ठिकाणी दिसतं. सिद्धांत अवघड नाही. 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न विचारायची सवय नसते.

उद्यमनगरी

आमच्याकडं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना फॉरवर्ड चांगलं कळतं. डॉलरचं बिल सहा महिन्यांनी यायचंय, आज बँकेत विकून ठेवायचं, वर प्रीमियम मिळतो. परदेशी फंड भारतात रोखे घेतो तेव्हा तो याच्या बरोबर उलट्या बाजूला असतो ना? मग त्याला हेजिंग, म्हणजे चलनाची जोखीम अशी झाकून टाकणं, परवडतं कसं?

बेसिसपॉइंट

बरोबर पकडलंत. उदाहरणापुरते आकडे घेऊ: आजचा डॉलर ९० रुपये, रुपयाचा वर्षाचा दर ६.५ टक्के, डॉलरचा ४ टक्के. वर्षाचा फॉरवर्ड म्हणजे ९० गुणिले १.०६५ भागिले १.०४. उत्तर ९२.१६. हे वरचे २ रुपये १६ पैसे तुमच्या फौंड्रीवाल्याला मिळतात आणि रुपयात गुंतवलेला परदेशी फंड, तोच डॉलर वर्षानं परत हवा म्हणून, भरतो. टक्केवारीत २.४.

म्हणजे ७ टक्क्यांचा भारतीय रोखा हेज केल्यावर अमेरिकन गुंतवणूकदाराच्या हातात साधारण ४.६ राहतो. त्यात कर आणि खर्च घाला. घरबसल्या अमेरिकी सरकारी रोख्यात तेवढंच मिळत असेल तर कोण येईल? म्हणून उगवत्या देशांच्या रोख्यांत येणारे बहुतेक फंड चलन उघडंच ठेवतात, आणि मग अर्थतज्ज्ञाला खरा प्रश्न येतो: रुपया वर्षाला २.४ टक्क्यांपेक्षा जास्त घसरेल की कमी? 'रुपया घसरेल' हे मत इथं अपुरं आहे. २ टक्के घसरला तरी चलन उघडं ठेवणाराच फायद्यात.

मे २०१३ ला अमेरिकी फेडचे (तिथल्या मध्यवर्ती बँकेचे) तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्के यांनी रोखेखरेदी आवरती घेण्याची भाषा केली आणि ऑगस्टअखेर रुपया ५५ च्या आसपासवरून ६८ च्या पार गेला. अशा वर्षात वरचं सगळं गणित एका झटक्यात उडतं. म्हणून सरासरी अंदाजाबरोबर वाईटात वाईट वर्षाचा आकडा द्यावा लागतो. जेपी मॉर्गनच्या उगवत्या बाजारांच्या रोखे निर्देशांकात भारत २८ जून २०२४ पासून आला, दर महिन्याला १ टक्का करत १० टक्क्यांपर्यंत. त्यामुळं निर्देशांक पाळणारा पैसा मताशिवायही येतो. हा पैसा किती आणि 'बघून येणारा' किती, हे वेगळं काढणं हेही याच माणसाचं काम.

रंकाळावेस

हेजिंगमध्ये फसतं ते रोकडीच्या बाजूनं, हे जोडतो. फॉरवर्ड दर महिन्याला किंवा तिमाहीला पुढं ढकलावा लागतो आणि त्या वेळी तोटा असेल तर रोख भरावा लागतो. रोखा मात्र विकलेला नसतो, त्याचा नफा कागदावर. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या पेन्शन फंडांचं असंच झालं, तिथं कारण चलनाऐवजी व्याजदराच्या हेजचं होतं. २३ तारखेच्या मिनी बजेटनंतर गिल्टच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारी रोख्यांच्या, यील्ड भडकल्या, मार्जिन (हेजच्या तोट्यापोटी लगेच भरायची रोकड) भरायला फंडांना गिल्टच विकावे लागले, त्यानं यील्ड आणखी वाढल्या. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. खरं तर यील्ड वाढल्यानं त्या फंडांची दीर्घकाळची देणी कमी होत होती. मुदतीपर्यंत टिकले असते तर ठीक होतं. चार दिवस टिकायला रोकड नव्हती.

पंचगंगाघाट

रोजचं काम कसं दिसतं, यावर कुणी लिहिलं नाही अजून. अमेरिकेच्या रोजगार आकड्याचा दिवस घेऊ. बहुधा महिन्याचा पहिला शुक्रवार, तिथले सकाळी साडेआठ. आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे ६, हिवाळ्यात ७.

आदल्या दिवशी एक छोटा तक्ता तयार ठेवायचा: प्रत्येक ओळीला बाजाराचा सरासरी अंदाज, आपला अंदाज, मागचा आकडा. रकाना रिकामा ठेवून बसलं की ऐनवेळी वाचायला वेळ लागतो. आकडा आला की आधी एकूण नोकऱ्या नाही, मागच्या दोन महिन्यांची दुरुस्ती बघायची. १ ऑगस्ट २०२५ ला जुलैचा आकडा आला तेव्हा मे आणि जून मिळून २,५८,००० नोकऱ्या दुरुस्तीत गायब झाल्या होत्या. त्या दिवशीची खरी बातमी ती होती. मग बेरोजगारी दर, पण छापलेला नाही. बेरोजगारांची संख्या भागिले श्रमशक्ती, दोन दशांशापर्यंत स्वतः काढायचा. ४.१४ आणि ४.१६ मध्ये काही फरक नसतो, पण छापताना एक ४.१ होतो आणि दुसरा ४.२, आणि मथळे बदलतात. त्यानंतर तासाचं सरासरी वेतन, आठवड्याचे सरासरी तास. तास ०.१ नं कमी झाले तर ते लाखो नोकऱ्या जाण्याइतकं असतं, आणि कुणाचं लक्ष नसतं.

नोकऱ्यांचा आकडा आस्थापनांच्या पाहणीतून येतो आणि बेरोजगारी दर सुमारे ६०,००० घरांच्या पाहणीतून. दोन्ही एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात, त्यात घोटाळा नसतो. महिन्याच्या नोकऱ्यांच्या बदलाला सव्वा लाखाच्या आसपास अधिक-उणे चूक धरलेली असते, म्हणजे अंदाजापेक्षा ४०,००० जास्त हे संख्याशास्त्राच्या भाषेत काहीच नाही. बाजार तरीही हलतो. दोन वर्षांच्या रोख्याची यील्ड पहिल्या पाच मिनिटांत कुठं गेली आणि तासाभरानं कुठं आहे, हे टिपून ठेवायचं. त्याआधी, पहिल्या अर्ध्या तासातच, फंड मॅनेजरला पाच-सहा ओळी जायला हव्यात: काय आलं, त्यातलं खरं किती, आपलं मत बदललं का, बदललं नसेल तर का नाही. संप, वादळ यामुळं एका महिन्यात आकडा वाकडा होतो. पाहणीचा काळ १२ तारीख ज्यात येते तो पगाराचा कालावधी असतो, त्यामुळं वादळ त्या दिवसांत होतं का, हे आधी बघायचं.

मृण्मयी

दुरुस्तीचा मुद्दा निघालाच आहे तर: जुन्या आकड्यांवर मॉडेल तपासताना सगळ्यात जास्त फसतं ते इथंच. मुलगा २००८ चा जीडीपी आज डाउनलोड करतो आणि 'माझ्या मॉडेलनं मंदी ओळखली असती' म्हणतो. तो दुरुस्त झालेला आकडा आहे. २००८ मध्ये कुणाच्या हातात तो नव्हता. सेंट लुई फेडच्या 'फ्रेड' या आकडेवारीच्या संकेतस्थळाचं 'अल्फ्रेड' नावाचं भावंड आहे, त्यात त्या-त्या तारखेला जसा होता तसा आकडा मिळतो. तपासणी त्यावरच करायची. ती केली की निम्मी हुशार मॉडेलं गळून पडतात.

भारताच्या जीडीपीबाबत तर जपून. वर्षाचा पहिला आगाऊ अंदाज जानेवारीत, दुसरा फेब्रुवारीअखेर, तात्पुरता मेअखेर, त्यानंतर पुढची काही वर्षं दुरुस्त्या. ऑक्टोबर–डिसेंबर २०२३ ला जीडीपी वाढ ८.४ आली आणि जीव्हीए, म्हणजे उत्पादनात पडलेली मूल्याची भर, ६.५. मधला फरक निव्वळ करांचा, म्हणजे कर वजा अनुदान. अनुदान आटलं की जीडीपी फुगतो, कारखान्यात एक नगही जास्त तयार न होता. त्या तिमाहीत ८.४ धरून कंपन्यांच्या विक्रीचा अंदाज बांधणाऱ्यांनी चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

तांबडापांढरा

बरं, मग हे शिकायचं कुठं? कोल्हापुरात राहून व्हतंय का काय गाव सोडायलाच लागतंय?

रंकाळावेस

पदवीपर्यंत इथं राहून काही अडत नाही, गणित सोडलं नाही तर. अडतं ते तिथंच. बीएला अर्थशास्त्र घेतलेल्या पोरांचं गणित बारावीलाच सुटलेलं असतं. कलन, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि रिग्रेशन एवढं पक्कं नसेल तर पुढचे दरवाजे बंद. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एमएस क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सच्या प्रवेश परीक्षेत एक पेपर गणिताचाच असतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, आणि जवळचं हवं तर पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट, १९३० पासूनचं. बीएस्सी गणित किंवा संख्याशास्त्र करून मग एमए अर्थशास्त्र, हा रस्ता बीए अर्थशास्त्रापेक्षा बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. पटणार नाही काहींना.

सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेबद्दल सगळे विचारतात. तीन पातळ्या, पहिलीला १८० प्रश्न, सव्वादोन तासांची दोन सत्रं, शिवाय किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव असल्याशिवाय चार्टर मिळत नाही. रोखे आणि ताळेबंद वाचायला त्यानं येतं. अर्थतज्ज्ञ होत नाही कुणी त्यानं. मोठ्या जागांवर पीएचडीवाले जास्त, पण सुरुवातीच्या संशोधन सहायकाच्या कामाला चांगली एमए आणि पायथन किंवा आर चालतं.

धोरणाच्या बाजूनं येणं हा जुना रस्ता. रिझर्व्ह बँकेत आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी वेगळी ग्रेड-बी भरती असते. मोहम्मद एल-एरियन आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत १५ वर्षं होते, पुढं पिम्को या रोख्यांत गुंतवणाऱ्या मोठ्या कंपनीचे सीईओ झाले. मध्यवर्ती बँकेच्या निवेदनात एक विशेषण का बदललं, हे आतून पाहिलेल्या माणसाला लवकर कळतं.

अवांतर: केन्सचं पहिलं काम लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये होतं, १९०६ ते १९०८, भारतात एकदाही न येता. त्यांनी उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर १९२३ च्या रुपयाविषयीच्या प्रबंधात सडकून टीका केली ती बाबासाहेबांनी; आणि त्यांच्या लंडनच्या शिक्षणाला हातभार होता आपल्या शाहू महाराजांचा. कोल्हापूरच्या पोरांना चलनाचं अर्थशास्त्र परकं वाटायचं कारण नाही.

बेसिसपॉइंट

केन्सचं नाव निघालं म्हणून: केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा निधी ते विशीच्या दशकापासून १९४६ पर्यंत बघत होते. सुरुवातीला पतचक्राचा अंदाज घेऊन शेअर, रोखे, रोकड यांत उड्या मारायचे. १९२९ ची पडझड त्यांना आधी दिसली नाही. तिशीच्या दशकात त्यांनी ती पद्धत सोडून मोजक्या कंपन्या अभ्यासून धरून ठेवायला सुरुवात केली, आणि निधीची कामगिरी सुधारली ती त्यानंतर. अर्थचक्राचा अंदाज बांधून पैसे करणं केन्सनाही जड गेलं.

उद्यमनगरी

मग 'भारत ७ टक्क्यांनी वाढतोय म्हणून भारतीय शेअर घ्या' हे?

बेसिसपॉइंट

हा सगळ्यात महागात पडलेला समज. गोल्डमन सॅक्सच्या जिम ओ'नील यांनी २००१ मध्ये ब्राझील, रशिया, भारत, चीन यांना मिळून 'ब्रिक' हे नाव दिलं. चीनच्या वाढीबद्दल ते चुकले नाहीत. पण प्राध्यापक जे रिटर यांनी २००५ मध्ये १६ देशांची शतकभराची आकडेवारी तपासली तेव्हा दरडोई उत्पन्नाची वाढ आणि शेअरचा परतावा यांचं नातं चक्क उलटं निघालं. कारणं साधी: वाढ नव्या कंपन्या आणि नव्या भागविक्रीतून येते, जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होतो, आणि चांगली बातमी भावात आधीच असते.

दहा वर्षांचा अंदाज असा बांधतात: लाभांश १.३ टक्के, महागाई ४, प्रतिशेअर नफ्याची खरी वाढ ४. बेरीज ९.३. आता पीई, म्हणजे शेअरचा भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट ते, २२ आहे आणि दहा वर्षांत १८ वर येईल असं धरलं तर दर वर्षी साधारण २ टक्के वजा. राहिले ७.३. सरकारी रोखा ७ देत असेल तर शेअरची जोखीम ०.३ साठी घेताय. खरी वाढ ५ धरा, पीई २२ च ठेवा, उत्तर १०.३. देशाची वाढ दोन्हीकडं तीच. निकाल ठरतो गृहीतकावर. म्हणून हा तक्ता बघताना आधी पीईचा रकाना बघायचा, शेवटची बेरीज नंतर.

पंचगंगाघाट

एक इशारा. ब्रिन्सन, हूड, बीबोवर यांच्या १९८६ च्या अभ्यासातला ९३.६ टक्के हा आकडा दर दुसऱ्या सादरीकरणात असतो: 'परताव्याचा ९३.६ टक्के भाग मालमत्ता वाटपातून येतो.' तसं त्यात म्हटलेलं नाही. एका फंडाच्या परताव्यात काळानुसार जो चढउतार होतो, त्यातला तेवढा भाग धोरणात्मक वाटपानं समजावता येतो, एवढंच. मुलाखतीत चुकीचा सांगितला तर समोरचा लगेच ओळखतो.

कसबाबावडा

साखर आणि गूळपट्ट्यातल्या वाचकांसाठी एक दुवा जोडतो, कारण 'जागतिक' म्हणजे काय ते यात चांगलं दिसतं. न्यूयॉर्कचा कच्च्या साखरेचा सौदा पौंडाला सेंटमध्ये असतो. ब्राझीलचं चलन रियाल पडलं की तिथल्या कारखान्याला त्याच सेंटात जास्त रियाल मिळतात, तो पुढचा माल लवकर विकून टाकतो, जागतिक भाव दबतो. कच्चं तेल महागलं की उलट, ऊस इथेनॉलकडं वळतो. युनिका ही संघटना मध्य-दक्षिण ब्राझीलचे पंधरवडी आकडे देते; त्यात एकूण गाळपापेक्षा साखरेकडं किती टक्के ऊस गेला हा रकाना महत्त्वाचा.

पण मार्केट यार्डातला भाव बघून न्यूयॉर्कचा अंदाज बांधू नये. २०२३-२४ च्या हंगामात आपली निर्यात बंद होती, २०२४-२५ ला फक्त १० लाख टनांना परवानगी. दार बंद असताना आतला भाव आणि बाहेरचा भाव वेगळे चालतात. फौंड्रीच्या ऑर्डरींचंही तेच: शिरोलीत कास्टिंगच्या ऑर्डरी वाढल्या यावरून देशाचं उत्पादन वाढलं म्हणता येत नाही. ट्रॅक्टर, पंप आणि निर्यात यांचं प्रमाण इथं देशापेक्षा वेगळं आहे. गावातली माहिती प्रश्न विचारायला उत्तम. उत्तरासाठी नमुना मोठा लागतो.

उद्यमनगरी

मान्य. तरी पण भंगाराचा भाव आणि पिग आयर्नचा भाव आमच्याकडं सरकारी आकड्याच्या महिनाभर आधी कळतो, हे सोडू नका.

कसबाबावडा

ते सोडत नाहीच. भाव लवकर कळतो, प्रमाण कळत नाही.

मृण्मयी

अर्थतज्ज्ञ चांगला की वाईट हे फंड कसं ठरवतो? 'बहुतेक', 'शक्यता आहे' असले शब्द चालत नाहीत, टक्के लिहून द्यावे लागतात. ब्रायर गुणांची पद्धत सोपी आहे: ७० टक्के म्हणालात आणि घडलं, तर (१ − ०.७) चा वर्ग, ०.०९. घडलं नाही तर ०.७ चा वर्ग, ०.४९. कमी तेवढं चांगलं. नेहमी ५० म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात, म्हणजे सरासरी ०.२५ च्या वर गेली तर नाणं उडवणारा तुमच्यापेक्षा बरा.

आणि मुदत लिहायची. अमेरिकेचा २ आणि १० वर्षांच्या रोख्यांचा यील्ड कर्व्ह जुलै २०२२ ला उलटा झाला, म्हणजे २ वर्षांची यील्ड १० वर्षांच्या यील्डच्या वर गेली, आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत तसाच होता. 'मंदी येणार' म्हणणारे दोन वर्षं तेच म्हणत राहिले. मंदी जाहीर झाली नाही. तारीख नसलेलं भाकीत चुकीचं ठरत नाही, म्हणून त्याला गुणही देत नाहीत.

पंचगंगाघाट

नियमांचं एक वाक्य राहिलं. फंडात काम करणाऱ्याला स्वतःचे शेअर मनाला येईल तेव्हा घेता-विकता येत नाहीत. आधी परवानगी, ठरावीक काळ धरून ठेवणं, घरच्यांच्या खात्यांची माहिती. सेबीच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांत, ज्या शेअरवर अहवाल लिहायचा त्यात अहवालाआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस व्यवहार बंद ठेवले होते. घरात डिमॅटवर रोज उलाढाल करणारं कुणी असेल तर रुजू होण्याआधीच बोलून घ्यावं.

तांबडापांढरा

सगळं समजलं, फकस्त एक सांगा. पोरगं आत्ता एमएच्या पयल्या वर्षाला हाय. अर्जाबरबर जोडायला काय करून ठेवू दे?

मृण्मयी

एक पानाची टिपण, तीस पानांचा प्रबंध नको. वर सांगितलेलं भाज्यांचं गणित सहा महिने दर महिन्याला करू दे. आकडा जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी आपला अंदाज तारखेसह कुठंतरी उघड्यावर टाकायचा, मागाहून बदलता येणार नाही असा. पहिल्या ओळीत अंदाज आणि बाजाराचा सरासरी अंदाज. मग फरक कशामुळं, दोन-तीन ओळी. मग रिझर्व्ह बँक यावर काय करेल याला टक्के. शेवटी, कोणता आकडा आला तर मी मत बदलेन. आकडेवारी रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसवर आणि सांख्यिकी मंत्रालयाच्या ई-सांख्यिकी पोर्टलवर फुकट आहे. सहातले दोन अंदाज सपशेल हुकले तरी काढून टाकायचे नाहीत. का हुकले हे खाली लिहिलेलं असेल तर मुलाखतीत त्याच दोनांवर सगळ्यात जास्त वेळ बोलणं होतं.

तांबडापांढरा

झ्याक. सांगतो त्याला. आन् रात्रपाळी असती का ह्यात?

पंचगंगाघाट

पाळी नसते, पण झोपेचं वेळापत्रक मोडतं. फेडची वर्षात आठ पतधोरणं, निवेदन आपल्याकडं उन्हाळ्यात रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला, आणि अर्ध्या तासानं पत्रकार परिषद. युरोपियन सेंट्रल बँक पावणेसहा किंवा पावणेसात, संध्याकाळी. रिझर्व्ह बँक सकाळी दहा, वर्षात सहा वेळा. बँक ऑफ जपानची वेळच ठरलेली नाही. बहुतेक आपल्या सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान येतं, आणि जितका उशीर होईल तितकं आत काहीतरी बदललंय म्हणून येन हलायला लागतो.